मावशीच्या नावाचं सेवाधाम

मावशीला कुणी आशीर्वाद दिलेला खपत नसे. तिच्या अंगणात जेवायला बसलेल्यांपैकी एखादा नवखा हात जोडून "देव तुझं भलं करो, माय" म्हणाला, की तिच्या हातातला भाताचा डाव तिथेच थांबे.

"काऊन? देवाची अन् तुही लई ओळख आहे का?" ती विचारी. "असती तं त्यानं तुहे बोटं कायले झडू देल्ले असते?"

आणि मग वाढी. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो माणूस मात्र हसला. त्याच्या बोटांविषयी इतकं सरळ त्याच्याशी कुणी बोललंच नसावं. गावात लोक त्याला बघून तोंड फिरवायचे, नाहीतर "बिच्चारा" म्हणायचे. 'बिच्चारा' हा शब्द मावशीच्या घरात कुणी उच्चारायचा नाही, असा तिचा दुसरा नियम होता.

स्वराज्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडची. गोंदियाच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि मावशीच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. इतक्या चांगल्या खोलीला दुसरं गिऱ्हाईक का नव्हतं, ते पहिल्याच दुपारी कळलं. स्टेशनाच्या मालधक्क्यापाशी राहणारे रक्तपितीचे, म्हणजे महारोगाचे, रोगी दुपारच्या वेळी तिच्या मागच्या अंगणात येत. कुणी काठी टेकत, कुणी बुडाखाली गोणपाट घेऊन सरकत. मावशी कडुनिंबाच्या उकळल्या पाण्यानं त्यांच्या जखमा धुई, जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधी आणि मग त्यांना भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढी. आमगावकडे तिच्या धानाच्या दोन-चार बांध्या, म्हणजे खाचरं, होत्या, त्या बटईनं दिलेल्या. तो तांदूळ सगळा या अंगणात संपे.

मावशी विधवा होती, अंगानं काटकुळी, आवाजानं हवालदारासारखी. तिकडच्या बायका "मी जातो, मी येतो" असं पुरुषांसारखं बोलतात. मावशीच्या तोंडी ते जरा जास्तच शोभे. हे सगळं ती का करते, असं कुणी विचारलं, की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. शेजारच्या वकिलाला तिनं सांगितलं, "मागल्या जन्मी मी वकील होतो. त्याचं फेडून राहिलो." पोस्टमनला सांगितलं की डॉक्टरनं उपाशी माणसाचं तोंड रोज एकदा पाहायला सांगितलं आहे, त्यानं भूक लागते. एकदा मी विचारलं, तेव्हा ती चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "एकटीले जेवन गोड लागत नाई वो मास्तरीन. गावातलं कोनी माह्या दारी येत नाई. हे येतात."

गाव यायचं थांबलं म्हणून हे आले, की हे आले म्हणून गाव थांबलं, ते मला कधीच कळलं नाही.

त्या जेवणाऱ्यांत डोमा नावाचा एक म्हातारा होता. तरुणपणी तो दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घ्यायचा. आता हातापायांची बोटं गेली होती, नाक बसलं होतं. आवाज तेवढा शाबूत होता, आणि तो सगळा तो तक्रारीत खर्च करी.

"आज मीठ नाई का घरात?" पहिल्या घासालाच तो सुरू होई. "का तुह्या सासऱ्यानं वर नेलं संगं?"

"तुह्या जिभीलेच रोग लागला, डोमा!" मावशी ओरडे. "काल खारट होतं, आज अळनी आहे. तुह्यासाठी का दोन चुली पेटवू?"

"पेटव नं. लाकडं का सरले?"

असं भांडण रोज चाले आणि रोज डोमाच्या थाळीत सगळ्यांत जास्त वरण पडे. मी एकदा त्यावरून तिला हसले. ती हसली नाही. म्हणाली, "कुरकुर करते तोवर मानूस जित्ता समज. ज्याले कसंबी चालते, तो गेला."

एका हिवाळ्यात तिच्या दारासमोर गावातली चार मोठी माणसं येऊन उभी राहिली. पुढं राईस मिलचे शेठ, मागं आमचे हेडमास्तर आणि आणखी दोघं. चौघंही रस्त्यावरच थांबले. शेठ नाकाला रुमाल लावून होते. जखमांचा वास येतच होता, त्यात त्यांचा दोष नव्हता.

"माताजी, आप तो साक्षात देवी हैं," शेठ म्हणाले.

"देवी असतो तं तुमी आत आले असते," मावशी म्हणाली.

हेडमास्तरांनी पुढं होऊन सांगितलं. गावातल्या प्रतिष्ठितांनी एक सत्कार समिती केली होती. सेवा करणाऱ्या सामान्य माणसांचा जाहीर सत्कार करायचा होता: पुरात माणसं बाहेर काढणारा एक ढीवर, म्हणजे तिकडचा मासेमार, पटकीच्या साथीत घरोघर फिरलेला एक कंपाउंडर, आणि मावशी. शेठ म्हणाले, सत्कार म्हणजे नुसतं शाल-नारळ नाही; माताजींच्या कामासाठी समिती काहीतरी ठोस करणार आहे. काय हवं ते माताजींनीच सांगावं.

मावशीनं मागं अंगणाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "अंगनात एक हीर पाह्यजे जी. जखमा धुवाले पानी दुरून आनावं लागते. अन् दवाखान्यात त्या नव्या गोळ्या आल्या म्हनतात, त्या देवाले डॉक्टर इथं येवाले पाह्यजे. यायले तठी रांगेत कोनी उभं राहू देत नाई."

"हो जाएगा, माताजी. समझिए हो गया," शेठ म्हणाले.

त्यानंतरच्या दिवसांत मावशी वेगळीच दिसत होती. अंगणात विहीर कुठं खणायची ते तिनं काठीनं आखून ठेवलं. ती आखणी कुणी पुसली, की ओरडे. आपल्या माणसांना तिनं सांगून टाकलं की आता गोळ्या येणार, आणि गोळ्यांनी पुढची झीज थांबते. डोमानं विचारलं, "अन् गेलेले बोटं?" ती म्हणाली, "ते तुह्या सोंगासंगं गेले. आता उरलेलं सांभाळ."

सत्काराच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव होता, बँड होता. मावशी धुवट पांढरं लुगडं नेसून मंचावर बसली होती. तिची माणसं बांबूच्या कुंपणाबाहेर थांबवली होती. तिनं आत घ्यायला सांगितलं, तेव्हा स्वयंसेवकांनी "हो हो" म्हणून वेळ मारून नेली. शेठनी ढीवराच्या खांद्यावर शाल घातली. कंपाउंडरच्या खांद्यावर घातली. मावशीची शाल त्यांनी तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवली आणि लांबून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. नमस्कार इतका वाकून केला होता, की शालीचं फारसं कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

मग शेठनी घोषणा केली. माताजींच्या सेवेचा गौरव म्हणून समितीनं दरेकशाजवळ जंगलालगत जागा मिळवली आहे. एका मालगुजार जमीनदारानं उदारपणे ती दान दिली आहे. तिथं, शहराच्या गडबडीपासून दूर, शुद्ध हवेत, माताजींच्या नावाचं सेवाधाम उभं राहील, आणि स्टेशनाजवळच्या सगळ्या दुर्दैवी जीवांना तिथं कायमचा आसरा मिळेल. मालगुजारी रद्द करणाऱ्या नव्या कायद्यानं ती खडकाळ जमीन तशीही हातची जाणारच होती, असं नंतर वकिलानं मला सांगितलं. त्या दिवशी टाळ्या मात्र थांबता थांबत नव्हत्या.

मावशी उठली. माइकपाशी आली. तिला माइकची सवय नव्हती. तिचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला.

"म्हंजे यायले गावातून हाकलून राहिले का जी?"

सगळं मैदान हसलं. खो खो हसलं. शेठही हसले आणि म्हणाले, "माताजी बहुत सीधी हैं." बँडवाल्याला कुणीतरी खूण केली. तिचा प्रश्न न समजल्यामुळं कुणी हसलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

आठवडाभरात तेंदूपत्ता वाहणारे ट्रक मालधक्क्याशी लागले. समितीची माणसं होती, बरोबर दोन शिपाई. मावशी धावत गेली. मी शाळेतून पोचले, तेव्हा ती ट्रकच्या तोंडाशी आडवी उभी होती आणि समितीचा एक तरुण तिला वर्तमानपत्रात छापून आलेला तिचाच फोटो दाखवत होता.

"बाई, तुमच्याच नावानं आहे ना सगळं? मग तुम्हीच अडवता?"

"माह्या नावाले आग लाव," ती म्हणाली. "हीर कुठं आहे? डॉक्टर कुठं आहे?"

"सगळं तिकडं होईल."

माणसं चढवली जात होती. ज्यांना चढता येत नव्हतं त्यांना गोणपाटासकट उचलत होते. मावशीनं थोडा वेळ पाहिलं आणि पदर खोचून स्वतःच मागं चढली. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, आगे बैठो." ती म्हणाली, "पुढं बसून काय पाहू, तुही मिशी?" ट्रक हलला तेव्हा आतून डोमाचा आवाज येत होता, धक्के फार बसतात म्हणून तो ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार करत होता.

पुढच्या रविवारी मी पॅसेंजरनं दरेकशाला गेले. डोंगरात वसलेलं लहानसं स्टेशन. तिथून रानातल्या वाटेनं चालत गेल्यावर आधी बोर्ड दिसला. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात मावशीचं पूर्ण नाव, पुढं 'पूजनीय', खाली 'सेवाधाम'. बोर्ड फार सुरेख रंगवला होता. त्यामागं पत्र्याच्या दोन शेड होत्या. त्यांना भिंती नव्हत्या. पाणी खालच्या झऱ्याला. ज्यांच्या पायांना जखमा, त्यांनी तो खडकाळ उतार उतरायचा आणि भरलेलं मडकं बोटं नसलेल्या हातांनी वर आणायचं.

मावशी पाणी भरत होती. झऱ्यापाशी जवळच्या गोंडांच्या गावचा म्हातारा पटेल, म्हणजे पाटील, चार माणसं घेऊन उभा होता. मला वाटलं, तो तिच्यावर हात टाकेल.

"हे पानी आमी पितो," तो म्हणत होता. "माघात कचारगडले आमचे लोक देवाले येतात, ते बी हेच पानी पितात. तुमच्या शेठनं आमाले इचारलं का?"

"नाई इचारलं," मावशी म्हणाली.

"मंग?"

"मलेबी नाई इचारलं, बापा. यायले तं नाईच इचारलं."

पटेलानं वर बोर्डाकडं बोट केलं. "तठी कोनाचं नाव लिवलं आहे?"

"माहं."

त्याला आधी पटलं नाही. मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं तोंडातल्या तोंडात गोंडीत काहीतरी म्हटलं आणि त्याची माणसं हसली. भांडण तिथंच मिटलं असं नाही. पण रोग्यांनी झऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी घ्यायचं, असं ठरलं. संध्याकाळी त्याच्या घरून टोपलीभर मोहफुलं आली. आणणाऱ्यांनी टोपली लांबच ठेवली. पण ती रिकामी परत न्यायला थांबले, बोलले, आणि डोमाला त्याचं गाव कोणतं ते विचारलं. गोंदियात इतक्या वर्षांत त्याला ते कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर आला नाही. समितीनं कबूल केलेला तांदूळ पहिल्यांदा आला, पुढच्या वेळी अर्धा आला, मग रस्ता खराब झाला म्हणून बंद झाला. पावसाळ्यात भिंती नसलेल्या शेडमध्ये माणसं तापानं फणफणली. मावशीनं आमगावच्या बांधीतला तांदूळ आणवला, पटेलाच्या गावच्या बायका कंदमुळं देत होत्या, जेमतेम चाललं. एका रविवारी मी गेले, तेव्हा मावशी डोमाला भरवत होती.

"कसा झाला रे भात?" तिनं विचारलं. भात करपला होता; मला लांबूनच वास आला.

"चांगला आहे, माय," डोमा म्हणाला.

मावशीचा हात थांबला. "करपला आहे, डोमा."

"चालते, माय."

तिनं थाळी खाली ठेवली आणि शेडबाहेर जाऊन पाठ फिरवून बसली. मी तिच्या जवळ गेले नाही. डोमा दोन दिवसांनी गेला. त्याला पुरायला पटेलानं जागा दाखवली.

पाऊस ओसरल्यावर मावशी उरलेल्यांना घेऊन निघाली. गाडीत कुणी चढू देईना, म्हणून ती सगळी माणसं रुळाच्या कडेकडेनं चालत गोंदियाला आली. नाक्यावर शिपायांनी अडवलं. मावशी आत जाऊ शकते, म्हणाले. बाकीच्यांना सोडता येणार नाही. त्यांना आता घर आहे. पूर्वी ते बेघर होते म्हणून स्टेशनाजवळ कुणी चालवून तरी घेत होतं. आता ती सोयही गेली होती.

मग मावशीनं नाक्यापलीकडच्या आमराईत त्यांना बसवलं आणि रोज दुपारी डोक्यावर भाताचं गंज घेऊन तिथं जाऊ लागली. शेठच्या मिलवरून तो रस्ता जायचा. शेठ दारात असले, तर हात जोडत. ती म्हणे, "हीर कुठवर आली जी?" ते हसत आणि आत जात.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग गावात पुन्हा मांडव पडला. या वेळी सत्कार शेठचा होता, सेवाधामाचे संस्थापक म्हणून. नागपूरहून कुणी मोठे पाहुणे आले होते. स्वागतगीताला आमच्या मुली होत्या, म्हणून मी पुढच्या बाजूला होते. मावशी आपणहून आली. पाहुण्यांच्या कानावर डॉक्टरचं आणि गोळ्यांचं घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती बायकांत मागं बसली. हळूहळू तिच्या भोवतीची सतरंजी रिकामी झाली.

पाहुणे छान बोलत. आदल्या दिवशी ते वाटेत सेवाधाम पाहून आले होते. त्यांनी त्या शांततेचं कौतुक केलं. तिथं कुणी राहत नव्हतं, त्यामुळं शांतता होतीच. मग त्यांचा आवाज भरून आला.

"ज्या पुण्यशील माउलीच्या नावानं हे धाम उभं आहे, ती आज आपल्यात नाही. पण तिचा आत्मा आज नक्कीच समाधान पावला असेल. आपण दोन मिनिटं उभं राहून तिला श्रद्धांजली वाहू."

त्यांचा काही दोष नव्हता. ज्याच्या नावाचा बोर्ड लागतो तो माणूस मेलेलाच असतो, असं त्यांना वाटलं असणार. मी शेठकडं पाहिलं. शेठनी मागं, मावशीकडं पाहिलं. हेडमास्तरांनीही पाहिलं. पाहुण्यांची चूक दाखवायची कुणी? शेठ उठून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. मग मंच उठला, मग पुढच्या खुर्च्या, मग सगळं मैदान. तिला रोज गंज घेऊन जाताना पाहणारे दुकानदार, वकील, पोस्टमन, सगळे माना खाली घालून उभे राहिले. सगळे उठले म्हणून मावशीही उठली.

माझ्या मुली माझ्याकडं बघत होत्या. मी तोंड उघडणार तोच पाहुणे "ॐ शांति" म्हणाले आणि सगळे खाली बसले. मावशी उभीच होती.

"मी आहे जी," ती म्हणाली. "मी मेलो नाई."

पाहुण्यांनी कान पुढं केला. "काय म्हणतात त्या बाई?"

"कुछ नहीं साहब," शेठ म्हणाले आणि कपाळाशी बोट फिरवलं.

एक स्वयंसेवक मावशीपर्यंत गेला, जरा लांब थांबला. "आजी, खाली बसा," तो म्हणाला. "मागच्यांना दिसत नाही."

ती बसली नाही. निघून गेली. मी मुलींना दुसऱ्या मास्तरणीवर सोपवून तिच्यामागं गेले. वाटेत मला रडू आवरेना.

"कायले रडून राहिली?" ती म्हणाली.

"मावशी, एवढे लोक, सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प उभे राहिले!"

"गप राहाले काय लागते?" मावशी म्हणाली. "ते तं रोजच राहून राहिले." मग जरा चालून म्हणाली, "लवकर चाल. भात टाकाचा आहे."

त्यानंतर ती काही वर्षं जगली. विहीर झाली नाही. आमराईतली माणसं कमी होत गेली. कुणी मेली, कुणी छत्तीसगडाकडं निघून गेली. एका उन्हाळ्यात मावशीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. आमगावहून पुतणे आले. त्यांनी घाईनं सगळं आटोपलं, चूल फोडली, अंगण खणून काढून फिनेल टाकलं आणि तिची भांडी गावाबाहेर पुरली. नाक्यापलीकडच्यांना कुणी कळवलं नव्हतं. दुपारी मी माझ्या स्टोव्हवर भात केला आणि घेऊन गेले. ते थाळ्या पुढं ठेवून बसले होते. मला पाहिल्यावर त्यांना कळलं. कुणी रडलं नाही. एक बाई म्हणाली, "आता तिले कोनीबी आशीर्वाद देऊ शकते." त्यांनी कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेले हात जोडले. मग जेवले.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मावशींसाठी शाळेत एक शोकसभा घेऊ या. मुलींना त्यांच्याविषयी दोन शब्द सांगेन.

हेडमास्तरांनी मान वर केली. "कोणत्या मावशी?"

मी नाव सांगितलं. बोर्डावर होतं तसं, पूर्ण.

"अहो बाई," ते म्हणाले, "त्यांना आपण मागेच श्रद्धांजली वाहिली होती ना? नागपूरचे पाहुणे आले होते तेव्हा."

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्यापुढं परीक्षेचं वेळापत्रक होतं, आणि त्यांना खरोखरच तसं आठवत होतं.